पलीकडचा रिकामा काठ

माझ्याकडे मनोरीचे एक जलरंगातले चित्र आहे. ते मीच काढलेले, कलाशाळेच्या दुसऱ्या वर्षाला असताना. एका रविवारी आम्ही पाचसहा जण मालाडहून बसने मार्व्याच्या धक्क्यावर गेलो, खाडीच्या कडेला बैठक मारली आणि पलीकडचा काठ रंगवला. माझ्या चित्रात खाली पाण्याचा करडा पट्टा आहे, त्यावर वाळूची फिकट रेघ, मग माडांची ओळ आणि उरलेल्या दोन तृतीयांश कागदावर आभाळ. कागद ओला असतानाच माड सोडले होते, त्यामुळे ते छान विरघळले. सोमवारी शिक्षकांनी चित्र वर्गाच्या भिंतीला लावले आणि म्हणाले, ‘‘नको ते गाळता आलं पाहिजे. याला आलंय.’’

त्या शाबासकीवर मी बरीच वर्षे जगलो. पुढे चित्र काढणे सुटले आणि चित्रांवर लिहिणे सुरू झाले, तेव्हाही ‘गाळणे’ हा माझा आवडता निकष राहिला. एखाद्या निसर्गचित्रात ‘निर्मनुष्य शांतता’ आहे असे लिहिले की त्याची स्तुती झाली, असे मी मानत असे. मग काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी मार्व्याहून फेरीबोटीने मनोरीला जाणे झाले. मोजून काही मिनिटांचा प्रवास. समोर काठावर होड्या होत्या, जाळी पसरली होती, बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या वलांड्या होत्या, कौलारू घरे होती, वाटेवर क्रूस होता. हे काही नव्याने आलेले नव्हते. मी चित्र काढत बसलो होतो तेव्हाही ते तिथे होते आणि बसल्या जागेवरून त्यातले बरेचसे दिसतही होते. ‘नको ते’ म्हणून मी जे गाळले, ते एक अख्खे गाव होते.

हा लेख त्या गाळण्याचा शोध आहे. मला ते कुणी शिकवले, आणि शिकवणाऱ्यांना कुणी?

●

सरहद्दीचा प्रदेश आणि चित्रकला असा विषय निघाला की कलेतिहासाची पुस्तके आपल्याला थेट अमेरिकेच्या पश्चिमेकडे नेतात. थॉमस कोलच्या १८३६ सालच्या ‘द ऑक्सबो’ या चित्रात डाव्या हाताला वादळाखालचे रान आहे आणि उजव्या हाताला उन्हात न्हालेली नांगरलेली शेते. मधून नदीचे वळण जाते. जॉन गास्टच्या १८७२ सालच्या ‘अमेरिकन प्रोग्रेस’मध्ये तर काही सूचित ठेवलेलेच नाही. पांढऱ्या वस्त्रातली एक स्त्री आकाशातून तारायंत्राची तार ओढत पश्चिमेकडे निघाली आहे, तिच्यामागे आगगाड्या आणि शेतकरी आहेत, तिच्यापुढे मूळ रहिवासी आणि रानटी जनावरे अंधाराकडे पळत आहेत. ही चित्रे पाहताना आपल्याला त्यांचा डाव चटकन कळतो, कारण ती दुसऱ्याची आहेत. आपल्याकडे अशी सरहद्द नव्हती, असे आपण गृहीत धरतो.

पण मुंबईला अशी सरहद्द होती आणि तिचे नाव आजही रेल्वे स्थानकाच्या फलकावर आहे. शीव म्हणजे गावाची हद्द. इंग्रजांची मुंबई जिथे संपत होती आणि पोर्तुगीजांची साष्टी खाडीपलीकडे सुरू होत होती, त्या टोकाचे हे नाव. जेरार्ड ऑंजियरच्या कारकिर्दीत, १६६९ ते १६७७ या काळात, तिथल्या टेकडीवर किल्ला बांधला गेला तो पलीकडे नजर ठेवण्यासाठी. माहीमचा किल्लाही त्याच कामाचा. त्याच्या समोर, वांद्र्याच्या टोकाला, पोर्तुगीजांनी १६४० साली बांधलेला किल्ला उलट्या दिशेने तीच नजर ठेवून होता. या दोन नजरांच्या मागे, साष्टीच्या वायव्येला, खाडीने तोडलेल्या चिंचोळ्या भूभागावर मनोरी होते. सरहद्दीवरच्या गावांचे जे होते तेच त्याचेही झाले. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, १७३९च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली, १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. पन्नास वर्षांच्या आत तीन सत्ता. गाव मात्र जागचे हलले नाही. मासे पकडत राहिले, भात लावत राहिले.

●

या काठाची जी सर्वांत जुनी चित्रे हाताशी आहेत, ती जहाजावरून काढलेली आहेत. जुआंव द कॅस्ट्रो हा पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झालेला दर्यावर्दी १५३८-३९ साली गोव्याहून दीवला गेला आणि वाटेतल्या किनाऱ्याचे त्याने वर्णन आणि रेखाटन केले. चौल, दाभोळ अशी बंदरे त्याच्या रेखाटनांत आहेत. चित्रे देखणी आहेत, पण त्यांचे काम स्पष्ट आहे. येणाऱ्याला किनारा ओळखता यावा, नांगर कुठे टाकायचा ते कळावे. पुढे १६३५ साली अंतोनियु बोकारूने पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या ठाण्यांचा मोठा ग्रंथ लिहिला आणि पेद्रू बार्रेतु द रेझेंदने त्यासाठी वसई, चौल वगैरे ठाण्यांचे आराखडे रंगवले. तटाच्या आत घरे आणि चर्च निगुतीने काढलेली, तटाबाहेर झाडे आणि टेकड्या. बाहेर कोण राहते, हा त्या चित्राचा प्रश्नच नाही.

हे वाचताना आपल्याकडच्या वाचकाला एक सोपी वाट दिसते: परक्यांची नजर तशीच असणार. ती वाट मला पुरती पटत नाही. मोडी अक्षरांत नोंदी केलेले अठराव्या शतकातले मराठी नकाशे आहेत आणि सुझन गोल यांनी १९८९ साली हिंदुस्थानी नकाशांवरच्या आपल्या पुस्तकात अशा नकाशांची दखल घेतली आहे. त्यांतल्या काहींत अक्षरे वेगवेगळ्या दिशांनी लिहिलेली आहेत, म्हणजे नकाशा जमिनीवर ठेवून त्याच्याभोवती फिरत वाचायचा. पाहणाऱ्याला एकाच जागी बांधून न ठेवणारी ही रीत मला फार मोलाची वाटते. पण त्यांतही मोठे दिसतात ते किल्ले आणि ठाणी. वसईच्या विजयाचा आपल्याला सार्थ अभिमान आहे, त्याची वर्णने आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाचली जातात. त्या वर्णनांच्या डोळ्यांसमोर असतो तो बुरूज. बुरुजाखालच्या खाडीत त्या दिवशी होडी लोटणारा कोळी आपल्याही चित्रात नाही. लढाईचा डोळा कोणत्याही बाजूचा असो, तो काठाकडे ‘घेता येण्याजोगी जागा’ म्हणूनच पाहतो.

●

लढाई संपली की तो डोळा मिटतो, असे वाटेल. पण मला सर्वांत विचारात पाडणारी चित्रे लढाईनंतरची आहेत.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईत आला. पुढे पुण्याला चार्ल्स मॅलेटबरोबर गेला, सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची त्याने काढलेली चित्रे आपल्या परिचयाची आहेत. त्याने मुंबई बेट आणि परिसराची बारा दृश्ये काढली, ती त्याच्या मृत्यूनंतर १८०० साली प्रसिद्ध झाली. त्यांत शीवच्या किल्ल्यावरून घेतलेले दृश्य आहे. आता तारखा जुळवून पाहा. वेल्स मुंबईत उतरला तेव्हा साष्टी इंग्रजांच्या ताब्यात येऊन सतरा वर्षे झाली होती. शीव ही हद्द उरलीच नव्हती, पहारा कुणावर ठेवायचा? तरीही चित्रकार त्याच पहाऱ्याच्या जागी चढतो आणि तिथूनच बघतो. जिथून तोफ डागायची तिथून आता सौंदर्य न्याहाळायचे. सरहद्द गेली, पण तिने ठरवून दिलेली उभे राहण्याची जागा गेली नाही. उंची, अंतर, पुढ्यात मोकळा पसारा आणि मागे डोंगरांची रेघ, ही मांडणी तेव्हाच्या इंग्रजी अभिरुचीत ‘पिक्चरेस्क’ म्हणून आधीच रुळलेली होती. आपण तिला नयनरम्य म्हणतो, आणि रविवारच्या पुरवणीत मनोरीबद्दल लिहिताना आजही तोच शब्द वापरतो.

वेल्सबद्दल मला आकस नाही. लेण्यांच्या कामापायी त्याने जीव घातला. साष्टीत कान्हेरीच्या लेण्यांची चित्रे काढताना त्याला ताप भरला आणि १७९५च्या नोव्हेंबरात तो गेला. त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०३ साली कोरीव चित्रे प्रसिद्ध केली. त्याच वेळी पुण्यात त्याच्या आणि मॅलेटच्या सहवासात एक मराठी चित्रकार काम करत होता: गंगाराम चिंतामण तांबट. त्याची बरीच चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. वेरूळच्या परिसरातल्या एका चित्रात गंगारामने स्वतःला आपल्या गुरूंच्या भेटीला आलेला दाखवले आहे. हे चित्र मी कोलच्या ‘ऑक्सबो’शेजारी ठेवून पाहतो, कारण कोलनेही आपल्या चित्रात स्वतःला लहानसे रंगवले आहे. कोल चित्रफलक घेऊन उंचावर बसला आहे, त्याचे नाते समोरच्या दृश्याशी आहे. गंगारामचे नाते तिथे राहणाऱ्या माणसाशी आहे. त्या डोंगरात कुणीतरी आधीपासून आहे, आणि चित्रकार त्याच्याकडे आला आहे. दोन्ही चित्रे निसर्गाचीच. फरक इतकाच की एकात जागा मोकळी आहे आणि दुसऱ्यात तिला यजमान आहे.

गंगारामची ती वाट पुढे कुणी चालवली नाही. १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली, १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली आणि जागेवर जाऊन जलरंगात निसर्ग रंगवण्याची एक समृद्ध परंपरा महाराष्ट्रात उभी राहिली. सा. ल. हळदणकरांचे पाण्यावरचे प्रभुत्व किंवा कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी कोटितीर्थाच्या काठाची पुन्हापुन्हा काढलेली चित्रे यांच्यापुढे मी आजही नतमस्तक आहे. आबालाल तर तिथलेच, त्यांचा काठ पलीकडचा नव्हताच. पण मुंबईच्या चित्रकाराला काठ गाडी किंवा बस धरून गाठावा लागे. १८४५ साली माहीमचा बांधीव रस्ता झाला, पुढे रेल्वे आली, आणि साष्टी हा पहाऱ्याचा मुलूख न राहता सुट्टीचा मुलूख झाला. रविवारी जायचे आणि दिवे लागायच्या आत परतायचे, म्हणजे परतीच्या सोयीच्या जागीच बसायचे. मार्व्याच्या धक्क्यावर मी बसलो तो असाच. वेल्सचे नावही मला तेव्हा माहीत नव्हते. पण पाणी पुढ्यात, काठ पलीकडे, माणसे वजा, ही मांडणी माझ्या बोटांत आयती उतरली होती.

●

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. चित्र म्हणजे शिरगणती नव्हे. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे हीच तर कला. सगळ्या होड्या, सगळी घरे कोंबली म्हणजे चित्र प्रामाणिक होते काय?

होत नाही. कोळीवाड्याची रंगीत होडी आणि टोपली घेतलेली कोळीण हा आपल्या प्रदर्शनांतला इतका घासलेला विषय आहे की त्यातून माणूस केव्हाच नाहीसा झालेला आहे. म्हणून माझा मुद्दा माणसे काढण्या-न काढण्याचा नाही. चित्रकार कुठे उभा आहे आणि त्या जागेची त्याला जाणीव आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

ही जाणीव मला सर्वांत ठामपणे दिसते ती सुधीर पटवर्धनांच्या कामात. व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ असलेला हा चित्रकार ठाण्यात राहिला. ठाणे म्हणजे पुन्हा साष्टीची कडच. १९९० सालच्या ‘पोखरण’ या चित्रात डोंगर, रस्ता, कारखाने, वस्ती एकमेकांत घुसलेली आहेत आणि पाहणाऱ्याला निवांत उभे राहायला एकच जागा मिळत नाही. नजर एका बाजूने आत शिरते आणि भलत्याच उंचीवर बाहेर पडते. २००१ सालच्या ‘उल्हासनगर’मध्येही शहराची कड ही रेघ नसून एक दाटी आहे. मुंबईत २०१९च्या अखेरीस त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, तेव्हा या चित्रांपुढे मी बराच वेळ थांबलो. दूरवरचा काठ तिथे नाहीच, कारण चित्रकार काठावरच राहतो. तरीही पटवर्धन स्वतःला तिथला म्हणवून घेत नाहीत. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातले अवघडलेपण ते झाकत नाहीत, आणि त्यांची चित्रे मला विश्वासार्ह वाटतात ती त्यामुळे.

दुसरे उत्तर अगदीच वेगळ्या दिशेने येते. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांत क्षितिजच नाही. १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली आणि शहराला ठाऊक झाली. मशे यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रात जाळे सगळा पृष्ठभाग व्यापते आणि मासे, माणसे, पाणी त्याच विणीत सापडतात. क्षितिज नसले की ‘इकडे’ आणि ‘पलीकडे’ही उरत नाही. आम्हाला शाळेत क्षितिजरेषा ही चित्राची पहिली रेघ म्हणून शिकवली गेली. ती रेघ निसर्गात नसते, ती पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असते, हेही शिकवले गेले. पण त्याचा अर्थ मला मशे यांची चित्रे पाहीपर्यंत लागला नव्हता.

आणि आता काठावरून शहराकडे पाहणारेही पुढे येत आहेत. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले शिल्पकार पराग तांडेल कादंबरी कोळी यांच्यासह कोळी समाजाच्या स्मृतींचा संग्रह उभारत आहेत. त्यात खाडी हे दृश्य राहत नाही, ती कामाची, खाण्याची, बोलीतल्या शब्दांची जागा होते. मनोरीतून मागे वळून पाहिले की मालाड-कांदिवली-बोरिवलीच्या टोलेजंग इमारतींची भिंत दिसते. तिथल्या माणसाच्या दृष्टीने सरहद्द ती आहे, आणि ती दरवर्षी थोडी जवळ येते.

●

जवळ येते म्हणजे काय, ते सांगायला हवे, नाहीतर हा सगळा खटाटोप अभिरुचीपुरता उरेल. गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्याचे मनोरंजन आणि पर्यटन क्षेत्र करण्याची योजना शासनाने आखली आणि गावांनी तिला विरोध केला. महापालिकेने मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प ठरवला आहे, आधी रोज २० कोटी लिटर आणि पुढे ४० कोटी लिटरपर्यंत. किनारी रस्ता वर्सोव्यापासून दहिसरकडे आणि पुढे भाईंदरकडे न्यायचा आहे. यातले काय योग्य, काय अयोग्य हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. शहराला पाणी लागते, गावालाही लागते. माझा अधिकार फक्त चित्रांवर बोलण्याचा आहे, आणि अशा योजनांबरोबर नेहमी एक चित्र येते.

वर्तमानपत्रे त्याला ‘संकल्पचित्र’ म्हणतात. संगणकावर काढलेले, आकाशातून पाहिलेले, निळेशार पाणी, हिरवा काठ, त्यावरून वळण घेत गेलेला पांढराशुभ्र पूल. चिखल नाही, ओहोटी नाही, तिवरांची गर्दी नाही, वलांड्या नाहीत. असे संकल्पचित्र प्रथम पाहिले तेव्हा मला राग आला नाही, ओळख पटली. पाण्याचा पट्टा, काठाची फिकट रेघ, माड, आभाळ. हे माझेच चित्र होते. माझ्या रिकाम्या काठावर कुणीतरी पूल तेवढा काढला होता.

जागा आधी चित्रात रिकामी होते आणि मग कागदपत्रांत, असा सरळ कार्यकारणभाव मी मांडत नाही. जलरंगातल्या माडांमुळे कुणाची जमीन जात नाही. पण ‘तिथे काहीच नाही’ हे वाक्य खरे वाटावे लागते, आणि ते खरे वाटण्याची सवय डोळ्याला लावण्यात आमचाही हात आहे. काठ निर्मनुष्य असला की सुंदर, हे आम्ही शिकवले, बक्षिसे देऊन पक्के केले, आणि माझ्यासारख्यांनी त्यावर परीक्षणे लिहिली.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. संग्रहालयात चित्राखाली चित्रकाराचे नाव, साल, माध्यम आणि आकार लिहितात. निसर्गचित्राखाली आणखी एक ओळ असावी: कुठून पाहिले. शीवच्या किल्ल्यावरून. जहाजावरून. मार्व्याच्या धक्क्यावरून. संकल्पचित्राखाली तर ती हवीच. तेवढ्याने चित्र बदलणार नाही, पण पाहणाऱ्याला पलीकडच्या बाजूची आठवण राहील.

गेल्या महिन्यात मी माझे जुने चित्र चौकटीतून काढले आणि मागे पेन्सिलीने लिहिले: ‘मनोरी, मार्व्याच्या बाजूने. गाव काढलेले नाही.’ मग ते पुन्हा भिंतीवर लावले. माड अजूनही छान विरघळलेले आहेत.